लखनौत विसावलेला नगररचनाकार

लखनौच्या ख्रिस्ती दफनभूमीत एक थडगे सुमारे अर्धशतकभर नावाच्या दगडावाचून पडून होते. त्याखाली विसावलेल्या गृहस्थाने ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचा आराखडा आखला होता आणि सिडनीच्या वेशीवर एक आगळे उपनगर वसविले होते. वॉल्टर बर्ली ग्रिफिन हे त्यांचे नाव. शिकागोत वाढलेला, सिडनीत झगडलेला आणि लखनौत देह ठेवलेला हा स्थापत्यविशारद भारतात आला तो अवघ्या सव्वा वर्षाच्या वास्तव्यासाठी. परंतु त्याची खरी ओळख व्हावयाची तर आधी कॅसलक्रॅग नावाच्या त्या उपनगराची हकीकत जाणून घ्यावी लागते.

उपनगर ही गोष्ट मराठी माणसाला अपरिचित नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, १८९८ मध्ये नगर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याच्या वस्त्या आकारास आल्या. त्याच १८९८ साली इंग्लंडात एबनेझर हॉवर्ड ह्यांनी उद्याननगरीची कल्पना ग्रंथरूपाने मांडली. गर्दीने गुदमरलेल्या शहराबाहेर मोकळ्या हवेत वस्ती करावी, हा विचार त्या काळी जगभर चालू होता. बहुतेक ठिकाणी मात्र त्याचा परिपाक एकच झाला: जमीन सपाट करावयाची, चौकोनी भूखंड पाडावयाचे, आणि ज्याने त्याने आपापले कुंपण घालून बसावयाचे. ग्रिफिन ह्यांना हे मान्य नव्हते.

१८७६ साली इलिनॉय प्रांतात जन्मलेले ग्रिफिन पदवी घेतल्यानंतर फ्रँक लॉइड राइट ह्या विख्यात स्थापत्यकाराच्या कार्यालयात काही वर्षे होते. तेथेच मॅरियन माहनी काम करीत असत. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातून १८९४ मध्ये त्या पदवीधर झाल्या होत्या. तेथून स्थापत्याची पदवी मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री होत. राइट ह्यांच्या कार्यालयातील अनेक नामांकित चित्रे मॅरियन ह्यांच्या हातची होती. १९११ मध्ये ग्रिफिन आणि मॅरियन विवाहबद्ध झाले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने नव्या राजधानीच्या आराखड्यासाठी जागतिक स्पर्धा पुकारली. तिच्यात ग्रिफिन ह्यांचा आराखडा १९१२ साली पहिला आला. कल्पना पतीची, परंतु ती परीक्षकांच्या डोळ्यांपुढे उभी करणारी चित्रे पत्नीने रेखाटलेली होती.

विजयाचा आनंद फार टिकला नाही. ग्रिफिन ऑस्ट्रेलियास गेले, राजधानीच्या रचनेचे संचालक झाले. पण सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांशी त्यांचे सतत खटके उडत राहिले. महायुद्धाने पैशाची चणचण निर्माण केली. अखेर १९२० च्या शेवटी त्यांचा राजधानीच्या कामाशी संबंध तुटला. शासनाच्या आश्रयाने जे साधले नाही, ते स्वतःच्या हिमतीवर करून दाखवावे, असे त्यांनी ठरविले.

एक मंडळी उभारून भागभांडवल गोळा करण्यात आले आणि १९२१ मध्ये सिडनीच्या उत्तरेस, मिडल हार्बरच्या काठी, सुमारे ६५० एकर जमीन घेण्यात आली. ही जमीन म्हणजे वालुकाश्माचे कडे, झाडी आणि समुद्रात शिरलेली डोंगरांची टोके. कॅसलक्रॅग ह्याच भूमीवर वसले. किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या खडकावरून त्याला नाव मिळाले आणि रस्त्यांनाही तट, बुरूज, बालेकिल्ला अशा अर्थाची इंग्रजी नावे देण्यात आली. रस्ते सरळ रेषेत न ओढता डोंगराच्या वळणाने नेले. घरे तेथल्याच दगडाची किंवा ग्रिफिन ह्यांनी स्वतः शोधून काढलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या काँक्रीटच्या फरश्यांची. छपरे सपाट आणि घरे बुटकी, म्हणजे वरच्या घरातून खालच्या घराच्या माथ्यावरून पाणी दिसावे. कुंपणांना मज्जाव होता. घरांच्या मागून पाऊलवाटा गेलेल्या आणि मधली रानराई व किनारा सर्वांच्या समाईक मालकीचा. हे सारे केवळ कागदावरील नकाशात नव्हते, तर जमिनीच्या खरेदीखतातच अटी म्हणून लिहिलेले होते.

ह्या अटींतच कॅसलक्रॅगचे वैशिष्ट्य आहे आणि त्याच्या अडचणींचे मूळही आहे. भूखंड विकत घेणाऱ्याला वाटे, जागा माझी, मग घराचे छप्पर कसे असावे हे दुसऱ्याने का सांगावे? कौलारू घराची सवय असलेल्या पतपेढ्या सपाट छपरावर कर्ज देण्यास नाखूश असत. शहराशी दळणवळण अवघड होते. सिडनीचा प्रसिद्ध पूल खुला झाला तो १९३२ मध्ये, आणि तोवर जागतिक मंदीने घरबांधणीचे कंबरडे मोडले होते. ग्रिफिन ह्यांच्या हयातीत त्यांच्या आराखड्याप्रमाणे तेथे विसाहूनही कमी घरे उभी राहिली. व्यापाराच्या दृष्टीने हा उद्योग फसला असेच म्हणावे लागेल. मात्र १९२५ पासून ग्रिफिन दांपत्य स्वतः तेथे राहावयास गेले. रानातील एका घळीत मॅरियन ह्यांनी उघडे नाट्यगृह उभारले. खडकांच्या पायऱ्यांवर बसून शेजारीपाजारी प्राचीन ग्रीक नाटके पाहू लागले. घरे थोडी होती, पण शेजार निर्माण झाला होता.

मंदीच्या काळात नगरपालिकांच्या कचरा जाळण्याच्या भट्ट्या बांधून ग्रिफिन ह्यांनी उदरनिर्वाह चालविला. अशा वेळी लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे काम चालून आले, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात ते भारताकडे निघाले. थोड्या दिवसांत परतावयाच्या बेताने आलेला हा माणूस लखनौतच रमला. १९३६ मध्ये मॅरियनही येऊन पोहोचल्या. महमुदाबादच्या राजांसाठी ग्रंथालय व संग्रहालय, जहांगीराबादच्या राजांसाठी जनानखाना, ‘पायोनियर’ वृत्तपत्राचा छापखाना, अनेक खासगी बंगले अशी चाळीसहून अधिक कामे त्यांच्या हाती आली. संयुक्त प्रांताच्या १९३६-३७ च्या उद्योग व कृषी प्रदर्शनाची संपूर्ण रचना त्यांच्यावर सोपविण्यात आली. १६० एकरांच्या जागेसाठी त्यांनी पन्नासाहून अधिक वास्तूंचे आराखडे केले. त्यांतले थोडेच पूर्णपणे साकार झाले.

लखनौ हे शहर ह्या वास्तुकाराला मानवावे, ह्यात नवल नाही. १७८४ च्या दुष्काळात भुकेल्यांना काम मिळावे म्हणून नबाब असफउद्दौलाने येथे बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याच्या मुख्य दालनाची अजस्र कमान लाकडी वा लोखंडी तुळईच्या आधारावाचून उभी आहे. अंगण, गच्ची, जाळी आणि सावली ही येथल्या घरांची नित्याची अंगे. ज्या सपाट छपरासाठी सिडनीत कर्ज मिळणे दुरापास्त होते, ते लखनौत पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्याच्या रात्रीचे शयनगृह होते. भूमी, हवामान आणि लोकरीती ह्यांना अनुसरून बांधावे, हे तत्त्व ग्रिफिन ह्यांनी येथे कोणाला शिकविण्याची गरज नव्हती.

परंतु काळाने अवधी दिला नाही. किंग जॉर्ज रुग्णालयात पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर पाचव्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हातची कामे आवरून मॅरियन सिडनीस आणि तेथून शिकागोस परतल्या. दोघांच्या आयुष्याचा वृत्तांत त्यांनी हजारावर पृष्ठांत लिहून ठेवला. त्याचे चार भाग त्यांनी चार लढाया म्हणून योजले. कॅनबेरा आणि कॅसलक्रॅग ह्यांच्या आधी पहिला मान त्यांनी भारताला दिला. १९६१ मध्ये त्या वारल्या, तेव्हा ते लिखाण छापलेले नव्हते; आणि पतीच्या कामातील त्यांचा वाटाही अनेक वर्षे झाकलेलाच राहिला.

कॅनबेरात ग्रिफिन ह्यांच्या कल्पनेतील सरोवर १९६४ मध्ये भरले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. कॅसलक्रॅगची झाडी वाढली, आणि ज्या अटींमुळे पूर्वी गिऱ्हाईक बिचकत होते, त्यांनीच राखलेली रानराई आता तेथील रहिवाशांचा अभिमान आहे. १९८८ मध्ये ग्रिफिन ह्यांच्या नावाने तेथे संस्थाही स्थापन झाली.

आज आपल्याकडील शहरे चहूकडे पसरत आहेत. टेकड्या फोडून, ओढे बुजवून भूखंड पाडले जात आहेत. नवी वस्ती आखताना घरांचे नकाशे सगळेच करतात. घरांमधली जागा कोणाची, तिथले झाड कोणाचे आणि ते कोणी राखावयाचे, ह्याचा करार ग्रिफिन दांपत्याने आधी केला. त्या करारासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली. त्याचा लाभ मात्र त्यांच्यामागून आलेल्यांना झाला.