न सुटणारा नट

मोटारीचा नट जाम होतो तो बहुधा गंजामुळे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगला, की पाना फिरतो, बोल्टचे डोके गोल होते आणि नट मात्र जागचा हलत नाही.

एके काळी असा बोल्ट तुटणे महागात पडे. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असल्याने जोडीचा दुसरा बोल्ट बाजारात मिळत नसे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आणि अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये आट्यांची प्रमाणित मापे सुचवली. ती रुळल्यावर हट्टी बोल्ट बिनधास्त तोडून नवा घालणे शक्य झाले. दुरुस्तीच्या इतिहासात या सोयीचे महत्त्व कोणत्याही हत्यारापेक्षा कमी नाही.

घरच्या घरी मोटार दुरुस्त करण्याची सवय अमेरिकेत फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने लावली. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटी गाड्या बनल्या आणि त्यांतल्या कितीतरी शेतकऱ्यांकडे गेल्या. जाम नटावरचे त्यांचे उपाय लोहाराचेच होते: रॉकेल मुरवणे, हातोडीने ठोकणे, तापवणे, शेवटी छिन्नी. नेब्रास्कातल्या डी विट गावच्या विल्यम पीटरसन या लोहारानेच 1924 मध्ये दाबल्यावर कुलपासारखी अडकून बसणाऱ्या पकडीचे पेटंट घेतले. गोल झालेले डोके धरणारी ‘व्हाइस ग्रिप’ ती हीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर सर्रास मीठ पडू लागले आणि गाड्यांची खालची बाजू झपाट्याने गंजू लागली. याच सुमारास सर्वांत प्रसिद्ध डबा आला, पण तो नटांसाठी नव्हता. सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने 1953 मध्ये पाणी हटवून गंज रोखणारे द्रव्य तयार केले. चाळिसाव्या प्रयत्नात ते जमले म्हणून नाव ‘डब्ल्यूडी-40’. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पोलादी पत्र्यावर ते वापरले गेले. कामगार ते गुपचूप घरी नेऊ लागले, असे सांगतात. 1958 मध्ये ते फवाऱ्याच्या डब्यात दुकानांत आले. जुन्या गंजावर मात्र खास मुरणारी तेले सरस ठरतात, आणि त्यांनाही रात्रभर वेळ द्यावा लागतो.

खरे काम उष्णता करते. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनची ज्योत फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाली आणि लोहाराची भट्टी गॅरेजमध्ये आली. नट बाहेरून तापवला की बोल्टच्या आधी फुगतो, गंजाची पकड तडकते. गरम आट्यांना मेण टेकवले, तर ते वितळून आत शिरते.

काही नट मात्र जाम नसतातच. क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत 1970 च्या दशकाच्या आरंभापर्यंत डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला पाइप लावून जोर करी, नट आणखी आवळी आणि अखेर बोल्टच मोडी.

इंधनाची टाकी, नळ्या किंवा रबरी भाग जवळ असतील, तर ज्योत लावू नये. तिथे छिन्नीने नट फोडावा आणि नवा घालावा.