गार्डनर, ब्रदर डेव्ह
(११ जून १९२६ – २२ सप्टेंबर १९८३). अमेरिकेच्या दक्षिण भागातील स्टँडअप विनोदकार. जन्म टेनेसी राज्यात जॅक्सन येथे. ड्रमवादनाचा नाद लहानपणापासूनचा. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होण्यासाठी त्याने युनियन विद्यापीठात नाव घातले, पण एका सत्रातच ते सोडले. नाइटक्लबांत तो ड्रम वाजवी, गाई आणि गाण्यांच्या मध्ये बोले. हळूहळू लोक त्या बोलण्यासाठीच येऊ लागले. १९५७ मध्ये त्याचे ‘व्हाइट सिल्व्हर सँड्स’ हे गाणे गाजले. पुढे गिटारवादक चेट ॲटकिन्सच्या पुढाकाराने आरसीए व्हिक्टरने त्याच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. ‘रिजॉइस, डिअर हार्ट्स!’ आणि ‘किक दाय ओन सेल्फ’ यांचा खप मोठा होता. दूरचित्रवाणीवरील जॅक पारच्या ‘टुनाइट शो’मुळे तो देशभर पोहोचला.

धर्मोपदेशकाचा चढता सूर, जॅझवाल्यांची बोली आणि खेड्यातला हेल यांचे त्याने अजब मिश्रण केले. चुटके सांगण्यापेक्षा तो गोष्ट रंगवी. डेव्हिड आणि गोलायथची बायबलमधली कथा त्याच्या तोंडून दक्षिणेतल्या गल्लीतल्या मारामारीसारखी होई. कीर्तनकाराप्रमाणे आख्यान मध्येच सोडून तो भलतीकडेच जाई, आणि श्रोते त्या भटकण्यावरच खूश असत. हा माणूस परंपरेची टिंगल करतो की तिची कड घेतो, हे कळत नसे. त्याची खरी गंमत या संदिग्धतेतच होती.

१९६२ मध्ये मारिजुआना बाळगल्यावरून त्याला अटक झाली आणि दूरचित्रवाणीची दारे लागली. कॅपिटल कंपनीने नंतरही त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. मात्र पूर्वीचे यश परतले नाही. त्याच्या उतरणीचे खापर बहुधा या अटकेवर फोडले जाते. हे कारण अपुरे वाटते. नागरी हक्कांच्या चळवळीने दक्षिण ढवळून निघाली, तसा त्याचा विनोद उघडपणे कृष्णवर्णीयांविरुद्ध वळला. टेक्सासचा अतिउजवा तेलसम्राट एच. एल. हंट याच्याशीही त्याची जवळीक होती. संदिग्धता गेली, राहिली ती चीड. आणि तिला दाद देणारा श्रोताही आकसत गेला. लेखक लॅरी एल. किंगने १९७० साली ‘हार्पर्स’ मासिकात त्याच्यावर लिहिले, तेव्हा ब्रदर डेव्हचे झाले तरी काय, हाच त्या लेखाचा विषय होता. पुढे प्राप्तिकराच्या खटल्याचीही भर पडली.

साउथ कॅरोलायनातील मर्टल बीच येथे ‘चेन गँग’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने तो मरण पावला.