एक चासी, तीन इंजिनं

घरातल्या कुठल्याही गाडीचं आरसी कार्ड काढून बघा. नंबरप्लेटवरच्या नंबराखेरीज त्यावर आणखी दोन नंबर दिसतील. एक चासीचा, एक इंजिनाचा. गाडी एकच, तर नंबर दोन कशाला?

कारण चासी आणि इंजिन एकाच वेळी म्हातारी होत नाहीत. चासी गंजते, वाकते, तडकते. इंजिन घासतं, ऑइल पितं, धूर ओकतं. एका गाडीचा सांगाडा संपलेला असतो आणि इंजिन अजून ठणठणीत असतं. दुसरीचं नेमकं उलट. मग मिस्त्री दोन गाड्यांची मिळून एक गाडी करतो. ही युक्ती मोटारींइतकीच जुनी आहे.

अमेरिकेत तिला मोठी परंपरा आहे. 1955 साली शेव्हरोलेचं आटोपशीर व्ही-8 इंजिन बाजारात आलं आणि पुढची कित्येक दशकं हौशी लोक ते जुन्या पिकअप ट्रकांच्या बॉनेटखाली बसवत राहिले. तिथे ओढ होती ती ताकदीची आणि वेगाची. आपल्याकडे जी गाडी सर्वांत जास्त वेळा अशी उघडली, कापली, जोडली गेली, ती म्हणजे जीप. आणि इथे प्रश्न वेगाचा नव्हताच. प्रश्न होता, गाडी रोज चालवायला परवडणार कशी?

पहिलं इंजिन: लढाईतलं

दुसऱ्या महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीस आणि फोर्ड. फोर्डची जीप विलीसच्याच आराखड्यावरून तयार होत होती, कारण लष्कराची अट स्पष्ट होती: एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवून ओळख ठेवली, पण मापं तीच. आघाडीवर एका जीपची चासी मोडली आणि दुसरीचं इंजिन बसलं, तर दोघींतून एक गाडी उभी करता यायची. इंजिन इकडून तिकडे बसवणं हा इथे जुगाड नव्हता, लष्करी नियोजनाचा भाग होता.

त्या इंजिनाचं नाव ‘गो-डेव्हिल’. चार सिलिंडर, सुमारे 2.2 लीटर, 60 अश्वशक्ती. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असायचे. त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकणच. इंजिन बुटकं, म्हणून जीपचं बॉनेटही बुटकं. सिनेमात दिसणारी ती बसकी लष्करी जीप आठवा.

युद्ध संपल्यावर यातल्या काही जीप ‘डिस्पोजल’चा माल म्हणून भारतातच विकल्या गेल्या. त्याच सुमारास, 1945 साली, लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. मुंबईत माझगावला विलीसच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचं काम सुरू झालं.

दुसरं इंजिन आणि उंच बॉनेट

1950 च्या सुमारास विलीसने जुन्या इंजिनावर नवी डोकॅलिटी लढवली. खालचा ब्लॉक साधारण तोच ठेवला, पण हवा आत घेणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेला. ताकद सत्तरीच्या पुढे गेली. या इंजिनाचं नाव ‘हरिकेन’.

अडचण एकच होती. हेड उंच झालं आणि बॉनेट बंद होईना. कंपनीने सोपा मार्ग काढला: बॉनेट आणि पुढची जाळीच उंच केली. 1953 साली आलेली सीजे-3बी ही ती जीप. आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे येणारी, थोडी उंच कपाळाची जीप ती हीच. तिचा चेहरा कुणा चित्रकाराने ठरवला नाही, आत मावत नसलेल्या इंजिनाने ठरवला.

अमेरिकेत ही जीप 1968 साली बंद झाली. भारतात तिचं घराणं पुढे कित्येक वर्षं चालत राहिलं. केबिन इंजिनाच्या वर असलेला एफसी-150 हा पिकअपही महिंद्राने बनवला आणि त्यातही हरिकेनच होतं. म्हणजे भंगारात निघालेल्या पिकअपचं इंजिन जीपला आणि जीपचं पिकअपला बसू शकत होतं. ब्लॉकचं माप तेच असल्याने हरिकेन युद्धातल्या जीपवरही बसायचं, फक्त बॉनेटचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

तोवर जीप मुख्यतः सरकारी माणसाची गाडी होती. तहसीलदार, फौजदार, बीडीओ, पाटबंधारे खातं. पेट्रोल सरकारी, ड्रायव्हर सरकारी. गावात जीप आली की कुणीतरी साहेब आला, एवढाच अर्थ निघायचा.

तेलाचा भाव

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळला. कच्च्या तेलाचा पिंप काही महिन्यांत तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या घरात गेला. भारतात पेट्रोल ही श्रीमंतांची चैन समजून त्यावर जबर कर होता. डिझेलवर मात्र ट्रक, एसटी आणि शेतीचे पंप चालायचे, म्हणून ते स्वस्त ठेवलं जाई. पेट्रोलवर चालणारी जीप आता पदरच्या पैशाने पोसणं अवघड झालं.

महिंद्राकडे एक उत्तर घरातच होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 साली उभ्या राहिलेल्या कंपनीत बी-275 ट्रॅक्टर बनत होता. त्याचं सुमारे 2.3 लीटरचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. पण ट्रॅक्टरचं इंजिन सावकाश फिरणारं, त्यात ताकद आहे पण धाव नाही.

हिशोब करून बघा. जीपच्या ॲक्सलमध्ये गुणोत्तर 5.38 चं, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन 5.38 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला 3500 फेरे मारतं तेव्हा जीप ताशी सुमारे 88 किलोमीटरने जाते. तेच इंजिन 2000 फेऱ्यांवर थांबलं, तर वेग पन्नाशीतच अडकतो. शेतात चालेल, हायवेवर नाही.

मग फ्रान्सच्या पूजोकडून परवाना घेऊन दुसरं डिझेल इंजिन आलं. एक्सडीपी 4.90. नावातच त्याचं माप आहे: 4 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. 2112 सीसीचं हे इंजिन पेट्रोल इंजिनाइतकं नाही, पण ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा बरंच मोकळं फिरायचं. ऐंशीच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात बनणाऱ्या इंजिनांनी जीपचा आवाजच बदलून टाकला. लांबून ऐकू येणारी ती टकटक आपल्या आधीच्या पिढीला अजून ओळखता येते.

गॅरेजातलं काम

कंपनी नव्या जीपमध्ये डिझेल बसवत होती. पण रस्त्यावर आधीपासून असलेल्या पेट्रोल जीपांचं काय? सरकारी खात्यांनी लिलावात काढलेल्या या जीप स्वस्तात मिळायच्या आणि रोजच्या पेट्रोलात मालकाला बुडवायच्या. त्यांचं काम गॅरेजांनी हातात घेतलं.

एक अपघातात चेपलेली डिझेल गाडी घ्यायची, एक धडधाकट पेट्रोल जीप घ्यायची. दोघींची बॉनेटं उतरवायची. पाणी आणि ऑइल काढायचं, रेडिएटर सोडवायचा, वायरिंग मोकळं करायचं, सायलेन्सरचा पाइप सोडायचा, फाउंडेशनचे बोल्ट काढायचे. मग तिपाई आणि चेनकप्पी लावून इंजिन वर. इथपर्यंतचं काम एका दिवसाचं.

खरा खेळ पुढे असतो. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यावे लागतात. या दोघांमध्ये बेल हाउसिंग असतं. डिझेल इंजिन त्याच्या बेल हाउसिंगसकट मिळालं तर नशीब. नाहीतर लेथवाल्याकडून जाड लोखंडी प्लेट करून घ्यायची, एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. मधलं केंद्र केसभर चुकलं तरी सुरुवातीला काही कळत नाही. काही आठवड्यांनी क्लच थरथरायला लागतो, मग बेअरिंग ओरडतं, मग गिअरबॉक्स उघडावा लागतो.

चासीवर इंजिनासाठी नवं फाउंडेशन वेल्ड करायचं. पेट्रोल इंजिन हवेचं मिश्रण साडेसहा-सात पट दाबायचं, डिझेल इंजिन हवेला वीस पटींहून जास्त दाबतं. तेवढा दाब सोसायला ब्लॉक जाड, म्हणजे वजन जास्त, हादराही जास्त. म्हणून पुढच्या पाट्यांमध्ये एक पान वाढवायचं. जुन्या लष्करी जीपची वायरिंग 6 व्होल्टची, डिझेलच्या स्टार्टरला ती पुरत नाही. 12 व्होल्टची बॅटरी, हीटर प्लगची नवी वायर. स्पार्क प्लगच नसल्यामुळे चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, डिझेलच तोडावं लागतं. त्यासाठी डॅशबोर्डवर ओढायची एक केबल.

यातलं काहीच कुठल्या पुस्तकात एका जागी लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी हे केलं, त्यांतल्या अनेकांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण व्हर्नियरवर माप घेताना त्यांचा हात हलत नव्हता.

साहेबाची गाडी, लोकांची गाडी

डिझेल आल्यावर जीपचा मालक बदलला आणि बसणारेही बदलले. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात तिचं नाव झालं ‘वडाप’. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावात वडाप भरली की सुटायची. बाजारचा भाजीपाला, कॉलेजची पोरं, माहेरी निघालेली लेक, दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूस, सगळे एकाच पाट्यावर. पेट्रोलवर हे भाडं परवडलंच नसतं. जिथे साहेब एकटा बसायचा, तिथे आता पंधरा माणसं बसायला लागली.

याची दुसरी बाजूही होती. ही वाहतूक बहुतेक बेकायदा. एसटीचं उत्पन्न तुटलं, टपावर आणि फूटबोर्डावर माणसं लटकली, अपघातांत जीव गेले. धुराचं तर बोलायलाच नको. तरीही गावापासून तालुक्यापर्यंतचं अंतर ज्या गाडीने रोजच्या आवाक्यात आणलं, तिच्या बॉनेटखाली बऱ्याचदा कुणा दुसऱ्याच गाडीचं इंजिन होतं.

‘मूळ’ म्हणजे काय?

आज वारं उलटं फिरलंय. जुन्या जीपांना हौशी गिऱ्हाईक आलंय आणि त्याला हवी आहे ‘ओरिजिनल’ जीप. मग डिझेल इंजिन उतरवायचं आणि एकेकाळी किलोवर विकलेलं हरिकेन भंगार बाजारात शोधत फिरायचं. वेल्ड केलेली फाउंडेशनं कापायची, भोकं बुजवायची. तीच चेनकप्पी, तोच खटाटोप, दिशा तेवढी उलटी.

कायदाही याच बाजूला झुकलेला आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत फेरफार करण्यावर बंधनं घालतं, आणि आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर पासिंगपासून विम्यापर्यंत सगळं अडतं. त्यामागे कारण आहे. चोरीची इंजिनं खपवण्याचा हाच सोपा मार्ग होता, आणि चुकीचं वेल्डिंग जिवावर बेतू शकतं. डिझेलचंही दैव फिरलं. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, ती 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. ज्या इंधनाने जुन्या गाडीचं आयुष्य वाढवलं होतं, तेच आता तिचं आयुष्य कमी करू लागलं.

पण सर्वांत बोलका नियम 2021 चा आहे. केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. अट अशी की गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

या अटीत कुठली जीप बसते? जी बंगल्याच्या गॅरेजात कापडाखाली उभी राहिली, ती. जिला पोट भरण्यासाठी राबावं लागलं नाही, ती. जी तीस वर्षं घाट चढली, जिने बाळंतिणी आणि कांद्याची पोती वाहिली, आणि त्यासाठीच जिचं काळीज बदलावं लागलं, ती जीप या नियमाच्या लेखी इतिहासात बसत नाही. ‘मूळ रूप’ ही कसोटी कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडली त्या दिवसापाशी थांबते. तिच्यापुढचं सगळं आयुष्य म्हणजे बिघाड, असं ती धरून चालते. संग्रहालयासाठी ही कसोटी ठीक असेल. जीपचा महाराष्ट्रातला इतिहास मात्र त्या दाराबाहेरच घडला.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी जुनी जीप दिसली, तर मालकाच्या परवानगीने बॉनेट उचलून बघा. बॉनेट उंच आहे की बसकं? चासीवर फाउंडेशनचे वेल्ड दोन वेगळ्या हातांचे दिसतात का? पुढच्या पाट्यात एखादं पान जास्त आहे का? डॅशबोर्डवर ओढायची केबल आहे का? तेलाचा भाव कधी वाढला, गाडी सरकारी दप्तरातून कधी सुटली, ती कुणाच्या पोटापाण्याला लागली, हे सगळं त्या लोखंडावर वाचता येतं. आरसीवरचा इंजिन नंबर कदाचित त्याच्याशी जुळणार नाही. पण मग खरा दस्तऐवज कुठला मानायचा, हे तिथे उभं राहून तुम्हीच ठरवा.