तबकडीवरचे नाव

१९४९ साली प्रदर्शित झालेल्या ‘महल’ चित्रपटातील गीताची जी तबकडी बाजारात आली, तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. आणि कामिनी हे तर मधुबालेने पडद्यावर रंगविलेले पात्र असल्यामुळे, ज्यांच्या कंठातून ते स्वर निघाले त्या लता मंगेशकरांचा त्या लाखेच्या चकतीवर मागमूसही नव्हता. श्रोत्यांनी रेडिओकडे पृच्छा चालविली, तेव्हा कोठे खरे नाव प्रकट झाले. पार्श्वगायकांच्या मोबदल्याचा पुढे उभा राहिलेला तंटा मुळात नावाचा तंटा होता, असे मी म्हणतो ते याच दाखल्यावरून. फर्दीवर ज्याचे नावच नाही, त्याने हिस्सा मागावा तरी कशाच्या आधारे?

मैफलीतील गवयाची बिदागी एका रात्रीची असे आणि गाणेही त्या रात्रीपुरतेच असे, म्हणून तो व्यवहार उभयपक्षी चोख होता. ध्वनिमुद्रणाने गाणे चिरंजीव केले, बिदागी मात्र एका बैठकीचीच राहिली. पुढे लताबाईंनी विक्रीतील हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, मागितली, तेव्हा महंमद रफींनी ठरलेली रक्कम हाती पडताच हिशेब चुकता झाला असा पक्ष घेतला, आणि या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफींच्या भूमिकेत लोभाचा लवलेश नव्हता. परंतु त्यांच्या औदार्याचा लाभ रसिकांना नव्हे, निर्मात्यांना होत होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आदी गोमंतकीय अरेंजर, ज्यांच्या स्वरलेखनावर मुंबईचा सारा वाद्यवृंद चाले, ते तर या वादाच्या उंबरठ्याबाहेरच राहिले.

कायद्याची चाल संथ. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला स्थानच नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा मालक निर्माताच ठरविला, जरी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालास जोडलेल्या टिपणात गायकाच्या हक्कशून्यतेबद्दल खंत नोंदविली. अखेर २०१२ च्या दुरुस्तीने, जिचा पाठपुरावा जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केला, गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याच्या नावे लिहून देण्यासच मज्जाव झाला, आणि व्यापारी वापरातील हिस्सा गायक-वादकांच्याही पदरात टाकण्यात आला.

‘महल’चे ते गीत आता भ्रमणध्वनीवर वाजते आणि कितीदा वाजले याची मोजदाद यंत्र बिनचूक ठेवते. तेथे नाव लताबाईंचे आहे. साथीला कोण बसले होते, ते मात्र माझ्या दृष्टीस अद्याप पडलेले नाही.