खेळातील इतिहास आणि दख्खनची रिकामी जागा

दिवाळीच्या सुटीत नातू काचीगुड्याच्या घरी आला, की त्याचा संगणक आणि माझी वर्तमानपत्रे यांत बैठकीच्या खोलीची वाटणी होते. यंदा त्याने एक खेळ मांडला होता. पडद्यावर रोम, इजिप्त, पर्शिया, चीन अशी नावे होती. त्यांतून एक निवडायचे आणि नगरे वसवीत, फौजा उभारीत जगाच्या इतिहासातून पुढे जायचे. यादी वरपासून खालपर्यंत पाहून त्याने विचारले, "आजोबा, यात आपण कुठले?"

प्रश्न साधा होता, पण मी तीस-बत्तीस वर्षे सरकारी याद्या करण्यात घालविलेली असल्याने मला तो साधा वाटला नाही. कोणते गाव कोणत्या तालुक्यात, कोणती जात कोणत्या अनुसूचीत, हे ठरविताना नावे लिहिणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, ते मी जवळून पाहिले आहे. २०१४ साली राज्याची वाटणी झाली तेव्हा मालमत्ता आणि देणी यांच्यासाठी ५८.३२ आणि ४१.६८ हे लोकसंख्येचे प्रमाण कायद्यात होते. इतिहासाची वाटणी करण्यासाठी मात्र असे कोणतेही प्रमाण उपलब्ध नाही.

आधी शब्दाचाच घोळ पाहावा. इंग्रजीत ज्याला 'सिव्हिलायझेशन' म्हणतात, त्याला हिंदीत 'सभ्यता' म्हणतात, तेलुगूत 'नागरिकता', आणि आपण 'संस्कृती'. मराठीत सभ्यता म्हणजे वागण्यातला शिष्टपणा. या खेळांत प्रत्यक्षात निवडले जाते ते यांपैकी काहीच नसते. कधी राजघराणे असते, कधी भाषिक समूह, कधी आजचे राष्ट्र.

सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ साली आला. त्यात भारत होता आणि त्याचे नेते महात्मा गांधी होते. पाटलिपुत्रापासून मदुरेपर्यंतचा सारा देश एकाच नावाखाली होता. 'एज ऑफ एम्पायर्स'चा मध्ययुगावरील दुसरा भाग १९९९ साली आला, त्यात तेरा संस्कृती होत्या आणि भारत नव्हताच. पुढच्या वर्षी आणखी पाच आल्या. त्यांत कोरिया आला, तो तिथल्या बाजारपेठेकडे पाहून, असे त्या खेळाच्या कर्त्यांपैकी एकाने पुढे सांगितले. भारताला २०१३ पर्यंत थांबावे लागले, आणि तोही 'इंडियन्स' या एकाच गाठोड्यात. २८ एप्रिल २०२२ रोजी ते गाठोडे सोडण्यात आले. जुन्या नावाचे 'हिंदुस्तानी' झाले; गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशी तीन नवी नावे आली.

येथे माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. गुर्जर हे प्रतिहारांमुळे परिचित, बंगाली हे पालांमुळे. पण 'द्रविड' हे भाषाकुळाचे नाव आहे. त्यांची मोहीम राजेंद्र चोळाची आहे, म्हणजे आशय तमिळ आणि फलक सर्व दक्षिणेचा! वरंगळचे काकतीय, देवगिरीचे यादव, गुलबर्गा-बीदरचे बहामनी यांपैकी कोणालाही स्वतंत्र जागा नाही. विंध्य आणि कावेरी यांच्या मध्ये जणू कोणी राहतच नव्हते.

तरीही निवडणाऱ्यांवर सरसकट दोष ठेवणे न्यायाचे नाही. त्यांच्यापुढे इतिहासाखेरीज इतर अडचणी असतात. प्रत्येक संस्कृतीला दुसऱ्या कोणाकडे नाही असा एखादा सैनिक लागतो. दोन-तीन डझन नगरांची नावे लागतात. सैनिकांच्या तोंडी घालायला एक बोली लागते. शिवाय कालमर्यादा असते: मध्ययुगाचा खेळ सोळाव्या शतकाच्या अखेरीस संपतो, त्यामुळे मराठे त्यात बसत नाहीत, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे.

तक्रार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सिव्हिलायझेशन'चा सातवा भाग आला. त्यात काळाचे तीन खंड केले असून प्रत्येक खंडात संस्कृती बदलते. भारतासाठी प्राचीन खंडात मौर्य, मधल्यात चोळ आणि आधुनिक खंडात मुघल अशी योजना आहे. कल्पना सुंदर आहे. एकाच भूमीवर थर चढत जातात, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पण आधुनिक काळात मुघल? १७७२ च्या जानेवारीत शाहआलम बादशहा दिल्लीत परतला तो महादजी शिंद्यांच्या फौजेच्या आधाराने. १७८४ साली वकील-इ-मुतलकीचे पद पेशव्यांच्या नावे आले. १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मराठ्यांच्या फौजेशी लढून. ताजमहालाची ओळख जगाला आहे म्हणून मुघल आले असावेत. ओळख हाही निकष आहे, पण तो इतिहासाचा नव्हे. पुढे याच खेळात झाशीची राणी लक्ष्मीबाई नेत्यांमध्ये आली. माहेरची तांबे, सासरची नेवाळकर. म्हणजे नेतृत्व आपले, राज्य मात्र यादीत नाही.

इंग्लंडमध्ये तयार झालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ च्या खेळाने हा न्याय आधीच केला होता. त्याचा आरंभ १७०० साली होतो; खेळणाऱ्याला मराठे निवडता येतात, मुघल निवडता येत नाहीत. १७०० हे साल कसले, ते वाचक जाणतातच: राजाराममहाराज मार्चमध्ये निवर्तले, सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि ताराबाईंनी सूत्रे घेतली. सुरुवातीस दुबळा आणि अखेरीस बलाढ्य, असा पक्ष खेळाला उत्तम लागतो.

जागा मिळाली तरी चेहरा कोणाचा, हा प्रश्न उरतो. २०१३ साली 'सिव्हिलायझेशन'च्या पाचव्या भागात अमेरिकेतील प्यूब्लो लोक आणि त्यांचा पुढारी पोपे यांना घेण्याचा विचार होता. प्यूब्लोंच्या परिषदेने हरकत घेतली. त्यांच्या पूज्य पुरुषाची भाषा नि मुद्रा खेळात वापरली जाणे त्यांना रुचले नाही. कर्त्यांनी ते ऐकले आणि शोशोनी लोकांना घेतले. आपल्याकडे शिवछत्रपतींविषयी हाच प्रश्न उभा राहील. खेळात प्रत्येक राजा हरविता आला पाहिजे, नाहीतर तो खेळ नव्हे. रोज हजारो मुलांनी महाराजांचा पराभव करावा, हे आपल्याला सोसेल काय? मला सोसणार नाही, हे मी मान्य करतो. म्हणून मराठे घ्यावेत, पण चेहरा महादजींचा असावा, असे माझे मत आहे.

आणि दख्खनसाठी एकच जागा मिळणार असेल, तर मी ती मराठ्यांनाही मागणार नाही, सातवाहनांना मागेन. काही वाचक रागावतील. पण पैठण त्यांचे, नाणेघाटात नागनिकेचा लेख त्यांचा, इकडे गोदावरीकाठी कोटिलिंगाल येथे नाणी सापडतात ती त्यांची, आणि अमरावतीचा स्तूप बहरला तोही त्यांच्याच काळात. लेख प्राकृतात, आणि काही नाण्यांवर प्राकृताच्या जोडीला तमिळवळणाची भाषा. ते मराठी की तेलुगू, हा वाद मी कचेरीत चहाच्या वेळी अनेकदा ऐकला आहे. एकाच नदीच्या दोन टोकांना दोन्ही बाजूंनी आपले म्हणावे, असे दुसरे घराणे मला दिसत नाही. नगरांची यादी लागेल तीही तयार आहे : प्रतिष्ठान, तगर, जुन्नर, धान्यकटक.

हे सारे मी नातवाला सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि १७०० सालचा तो खेळ उघडून मराठे निवडले. रात्री जेवणाच्या वेळी त्याची फौज हैदराबादेवर चालून येत होती. आमचे पणजोबांचे पणजोबा निजामाच्या दफ्तरात मराठी मोडीत जमाखर्च लिहीत असत, असे घरात सांगत आले आहेत. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत ते निजामाच्या छावणीबरोबर होते. हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग त्या दिवशी आपण हरलो की जिंकलो?"

आजी आतून ताटे वाढल्याचे सांगत होती. मी उठलो.