दोन आण्यांचा बांध

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडात घर बहुधा बांधावे लागत नाही, बांधलेलेच विकत घ्यावे लागते. पण म्हणीतला मनस्ताप काही चुकत नाही. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी तो अनुभवला असेल. आमच्या वाट्याला तो बागेच्या कुंपणाच्या रूपाने आला आणि त्या निमित्ताने मला या देशाचा आणि आपल्या महाराष्ट्राचाही थोडा इतिहास वाचावा लागला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

२०१२ साली आम्ही लंडनच्या उपनगरात १९३०च्या दशकातले एक सेमी-डिटॅच्ड घर पसंत केले. मॉर्गेज मंजूर झाले, सर्व्हे झाला आणि मग आमच्या सॉलिसिटरबाईंचे पत्र आले. लँड रजिस्ट्रीच्या नकाशात बागेची रेषा सरळ होती. प्रत्यक्षात कुंपण शेजारच्या बाजूला बाक घेऊन गेले होते. मी टेप घेऊन गेलो. फरक निघाला चार फूट रुंद आणि चौतीस फूट लांब पट्टीचा. म्हणजे १३६ चौरस फूट. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, सोळा आण्यांचा. त्या हिशेबाने ही जमीन जेमतेम दोन आणे!

दोन आण्यांसाठी एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यातले बोलणे बांध कोरल्यावरून तुटले, ते दोघे जाईपर्यंत जुळले नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नाचे अक्षतही घेतले नाही. म्हणून नवीन देशात, नवीन शेजारात भांडणासकट घर घ्यायची माझी तयारी नव्हती.

आता इथल्या कायद्याची गंमत पाहा. लँड रजिस्ट्री स्थापन झाली १८६२ साली. त्या पहिल्या कायद्यात प्रत्येक मालमत्तेची हद्द अचूक ठरवण्याची अट होती. अचूक हद्द म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांना नोटिसा. नोटीस हातात पडली की ज्यांना आजवर काही तक्रार नव्हती त्यांनाही ती सुचू लागली. खर्च वाढला, भांडणे वाढली आणि लोकांनी नोंदणीकडे पाठ फिरवली. शेवटी १८७५च्या कायद्याने अचूकपणाचा आग्रह सोडला. तेव्हापासून नकाशावरची लाल रेषा ही 'साधारण हद्द' दाखवते. २००२च्या कायद्यानेही हेच तत्त्व कायम ठेवले. शहरी नकाशा बहुधा १:१२५० प्रमाणाचा असतो. म्हणजे कागदावरची एक मिलिमीटर जाड रेषा जमिनीवर सव्वा मीटर होते. आमची चार फुटांची पट्टी त्या रेषेच्या जाडीतच बसत होती!

त्याच शतकात ब्रिटिश अधिकारी आपल्याकडे काय करत होते? गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. शेताशेताला सर्व्हे नंबर दिला, हद्दीवर दगड रोवले, बांध राखायला लावले. साखळी तेहेतीस फुटांची. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ही साखळी इंग्लंडातल्या एडमंड गंटरच्या सहासष्ट फुटी साखळीच्या बरोबर निम्मी. मग माप इतके जवळचे असताना तिथे दगड आणि इथे 'साधारण' असे का? माझ्या मते उत्तर शेतसाऱ्यात आहे. आपल्याकडे सरकारला क्षेत्रावर सारा घ्यायचा होता, म्हणून हद्द ही सरकारची गरज होती. इथे रजिस्ट्रीचे काम मालक कोण हे सांगण्याचे. दोन शेजाऱ्यांनी आपसांत निभावून घ्यावे, अशी अपेक्षा.

निभावून घेण्याच्या वहिवाटीही जुन्या आहेत. शेताच्या कडेला चर आणि त्यालगत झुडपांचे कुंपण असेल, तर चर खणणाऱ्याने स्वतःच्या टोकाला खणून माती आपल्याच बाजूला टाकली आणि त्यावर कुंपण लावले असे इथली न्यायालये निदान १८१० पासून गृहीत धरतात. म्हणजे हद्द कुंपणावर नव्हे, चराच्या पलीकडच्या काठावर. उलट 'डाव्या हाताचे कुंपण आपले' असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला कायद्यात आधार नाही. खरेदीखतात लिहिलेले असेल, नकाशावर इंग्रजी 'टी'ची खूण असेल आणि खतात तिचा उल्लेख असेल, तरच ते धरायचे.

आमच्या शेजारच्या आजी त्या घरात १९६०च्या दशकापासून राहत होत्या. घर विकताना नोंदणी सक्तीची हा नियम संपूर्ण इंग्लंड-वेल्सला लागू झाला तो १ डिसेंबर १९९० रोजी. त्यांचे घर त्याआधीचे, म्हणून नोंदणीच नव्हती. कागद मात्र एका पत्र्याच्या डब्यात नीट जपलेले. त्यांनी चहा ठेवला आणि डबा पुढे केला. मूळ खतात बागेची रुंदी फुटा-इंचात होती. पट्टी त्यांची निघाली. सफरचंदाच्या झाडाला जागा हवी म्हणून त्यांच्या यजमानांनीच पूर्वीच्या शेजाऱ्याला कुंपण सरकवू दिले होते.

घर विकणारे म्हणाले, पंचवीस वर्षे आमच्या ताब्यात आहे, जमीन आमचीच. नोंदणी नसलेल्या जमिनीवर बारा वर्षांच्या कब्ज्याने हक्क सांगता येतो, हे खरे. पण तो कब्जा मालकाच्या परवानगीशिवाय असावा लागतो. इथे तर परवानगीनेच सगळे झालेले. सॉलिसिटरबाईंनी हे पत्रात स्वच्छ लिहिले, तेव्हा विकणाऱ्यांनी स्वखर्चाने कुंपण मूळ रेषेवर नेले. आम्ही आणि आजींनी घराच्या कोपऱ्यापासूनची मापे घालून हद्दीचा करार लिहिला आणि आमच्या नोंदीत त्याची टीप घालून घेतली. मगच सह्या केल्या.

घर घेणाऱ्या तरुण मंडळींना एवढेच सांगेन. नकाशा मागवा, थोडक्या पौंडांत मिळतो. पण स्वतः टेप घेऊन बागेत जा. फरक दिसला तर सह्यांच्या आधी लेखी विचारा, आणि वकिलाच्या पत्राआधी शेजाऱ्याचे दार वाजवा. इथल्या कायद्याने हद्द दीडशे वर्षे मुद्दाम सैल ठेवली आहे. ती घट्ट करायची की गोड, हे दोन घरांनी ठरवायचे. आमच्या आजोबांना दगड होते, नंबर होता, सरकारी मोजणी होती. चहाला बोलावणारे मात्र कोणी नव्हते.