२५ मिलिसेकंदांची गोष्ट

"सहा महिने झाले ना? मग आता हात जेवढा हलतोय तेवढाच." घरात पॅरालिसिसचा पेशंट असेल तर हे वाक्य कुणीतरी ऐकवून जातंच. हळूहळू घरच्यांनाही ते पटतं आणि व्यायाम सुटतो. हे वाक्य खोडायला विज्ञानाला जवळपास शंभर वर्षं लागली. थोडं लांबेल, पण वाचा.

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल हे १९०६ च्या नोबेलचे मानकरी. मेंदू सुट्या सुट्या पेशींचा बनलेला असतो, हे त्यांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात, असंही त्यांनीच लिहिलं. पण त्याच दमात ते म्हणाले, जमलं तर पुढच्या विज्ञानाने हा कठोर निकाल बदलावा. लोकांनी पहिला भाग पाठ केला, दुसरा फारसा लक्षात ठेवला नाही.

१९४९ मध्ये कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी एक तर्क मांडला. एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा चेतवत राहिली, तर दोघींमधला दुवा पक्का होतो. पायवाट कशी पडते? रोज चालून. तसंच. पुरावा मात्र हातात नव्हता. तो दिला नॉर्वेतल्या ऑस्लोच्या प्रयोगशाळेने. तेर्ये लोमो आणि टिम ब्लिस यांनी १९७३ मध्ये छापलं की सशाच्या मेंदूत विजेचे भराभर झटके दिल्यावर पेशींमधले दुवे तासन्‌तास बळकट राहतात.

पण माणसाची कवटी उघडून कोण बघणार? १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर नुसती तारेची कॉइल धरली आणि चुंबकाच्या झटक्याने मेंदूत वीज निर्माण केली. समोरच्या माणसाचा हात आपोआप उडाला! मागे तत्त्व फॅरडेचंच, १८३१ चं.

मग आलं २०००. जर्मनीत योसेफ क्लासेन यांच्या गटाने दोन्ही टोकं जोडली. मनगटाच्या नसेला हलका झटका द्यायचा. तो निरोप मेंदूपर्यंत जायला साधारण २० मिलिसेकंद घेतो. बरोबर २५ मिलिसेकंदांनी हाताची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागावर चुंबकाचा झटका. दर २० सेकंदांनी एक जोडी, अर्ध्या तासात ९० जोड्या. त्यानंतर तेवढ्याच चुंबकाने अंगठ्याचा स्नायू आधीपेक्षा जोरात उडू लागला, आणि हा परिणाम बराच वेळ टिकला. पुढे २००३ मध्ये अंतर १० मिलिसेकंद केलं, तर उलटंच झालं, प्रतिसाद कमी झाला. म्हणजे नुसत्या झटक्यात जादू नाही, वेळ जुळण्यात आहे.

हा परिणाम सगळ्यांमध्ये सारखा दिसत नाही आणि काही वेळाने ओसरतो, हेही खरं. पण 'जोडी जुळवा' हा विचार टिकला. मानेतून जाणाऱ्या व्हेगस नसेला झटका द्यायचा आणि त्याच क्षणी पेशंटने हात हलवायचा, असा प्रयोग अमेरिका आणि ब्रिटनमध्ये १०८ पेशंटवर झाला. स्ट्रोक येऊन सगळ्यांना किमान ९ महिने झालेले. २०२१ च्या निकालात झटका आणि व्यायाम मिळालेल्यांची हाताच्या चाचणीत सरासरी ५ गुणांनी सुधारणा झाली. ९० दिवसांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या ४७ टक्के लोकांना जाणवण्याइतका फरक पडला होता. त्याच वर्षी अमेरिकेत या यंत्राला मान्यता मिळाली.

आता खरी मेख. तुलनेसाठीच्या गटालाही यंत्र बसवलं होतं, पण प्रत्यक्ष उपचाराचे झटके दिले नव्हते. व्यायाम मात्र तेवढाच करून घेतला. तेही २.४ गुणांनी सुधारले, आणि २४ टक्क्यांना जाणवण्याइतका फरक पडला. 'आता काही होणार नाही' असं ज्यांना सांगितलं जातं, तीच ही माणसं!

म्हणून दोन गोष्टी सांगतो. 'नसा जिवंत करणारं' मशीन कुणी विकायला आलं, तर आधी विचारा, त्याच्यासोबत व्यायाम कोण करून घेणार? आणि आपल्या तालुक्याला येणाऱ्या पुढाऱ्याला विचारा, सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे का, आणि आठवड्यातून किती दिवस? महागडं यंत्र इथे यायचं तेव्हा येईल. जोडीतला अर्धा भाग तर आजही आपल्या हातात आहे.

ज्या घरात व्यायाम थांबलाय, त्या घरापर्यंत हे पोचवा.